तीनदगडे बाबांची चोवीस बोटं

"कुठे आहात?" या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि त्याचं उत्तर कोणाला कळायचं नाही. "बाबा, कुठे बसलात?" असं कचेरीच्या खिडकीतून ओरडलं, की बाहेरून आवाज यायचा, "दारापासून चाळीस पावलं, आडापासून बावीस, अन् लिंबापासून अकरा!" आता "लिंबाजवळ" एवढा एक शब्द पुरला असता. पण लिंबाजवळ म्हटलं की लिंबाच्या चारी बाजू आल्या, आणि एवढी ढिलाई बाबांना सोसायची नाही. नवा शिपाई चहाची कपबशी सांभाळत झाडाभोवती गोल फिरायचा आणि बाबा जागचे न हलता त्याची गंमत बघायचे. चहा निवला तर निवला.

बाबा आमच्या मोजणी कचेरीत चेनमन होते. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी पुण्याकडचा, नवा कोरा भूकरमापक, परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झालेला आणि त्यामुळे डोक्यात हवा गेलेला. बुलढाणा जिल्ह्यात नेमणूक झाली तेव्हा आमच्या आईने तो जिल्हा कुठे आला हे शेजारी जाऊन विचारलं होतं. इथलं बोलणं पहिला महिनाभर मला अर्धंच कळायचं, आणि जे कळायचं त्याला मी मनात हसायचो. शेत मोजायचं ते तेहतीस फुटांच्या लोखंडी साखळीने. दोन्ही टोकांना पितळी मुठी. मागच्याने एक मूठ जुन्या दगडावर दाबून धरायची, पुढच्याने दुसरी घेऊन चालायचं, ताणायची, खूण रोवायची, पुन्हा चालायचं. पुढची मूठ कायम बाबांच्या हातात. कचेरीत साहेब मी होतो, शेतात मात्र लोक "नमस्कार" त्यांना करायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. याचा मला राग यायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तीनदगडे हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव मस्टरवर वेगळंच होतं, पण ते पगाराच्या दिवशी शिपाई वाचायचा तेवढंच. हद्दीचा एखादा दगड नांगराने उखडला की त्याची जागा शोधायला आम्हाला बोलावत, आणि बाबा तीन जुन्या दगडांपासून मोजल्याशिवाय ती जागा मान्य करायचे नाहीत. कोणी विचारलं तर ते खुंटीला दोर बांधून दाखवत. "हे पाहा, एका खुट्याले बैल बांधला तं तो गोल फिरते. कोठी हाये, कोण सांगन? दुसऱ्याही खुट्याले बांधा. आता दोर ताणून तो दोनच जागी उभा राहू शकते, इकडे नाहीतं तिकडे. तिसऱ्याले बांधला, की हलाचं काम नाही." एवढ्या दोराने त्यांनी मला जे शिकवलं ते परीक्षेच्या पुस्तकात चार पानं भरून होतं आणि मला पाठ होतं, समजलं मात्र त्या बैलामुळे.

शक्य असेल तिथे ते चौथा दगडही शोधत. मी वैतागायचो. जागा तिसऱ्या दगडाने मिळाली, मग ही उन्हातली पायपीट कशाला? बाबा म्हणायचे, "तीन दगड जागा सांगते साहेब. चौथा साखळीचं पाप सांगते." म्हणजे असं की साखळीच लांबली असेल, तर चौथ्या दगडापासूनचं माप जुळत नाही आणि खोट उघडी पडते. साखळी लांबते यावर त्यांचा फार विश्वास होता. उन्हाळ्यात भर दुपारी ते मोजणी करायचेच नाहीत. "लोखंड उन्हात अंग ताणते" म्हणून झाडाखाली जाऊन बसत. रोज सकाळी साखळी जमिनीवर अंथरून आपल्या बांबूने तपासत. तो बांबू त्यांनी साखळीचं खरं माप दाखवणाऱ्या, कचेरीच्या ओट्यावरच्या दोन पितळी खिळ्यांशी पडताळून, साखळीच्या बरोबर तिसऱ्या हिश्शाइतका कापलेला होता आणि त्याला जुन्या धोतराची खोळ शिवलेली होती. एकदा मी त्याच्यावर टॉवेल वाळत घातला, तर बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

या काटेकोरपणाचं मूळ त्यांच्या वडिलांपाशी होतं. वडील गावचे महार. त्या काळी दोन शेतांचं भांडण लागलं, की हद्द कुठे ते सांगायचं काम गाव त्यांच्यावर टाकायचं. डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन ते चालायचे. ते चालतील ती हद्द. एका वर्षी ते चालले आणि पुढे दोन महिन्यांनी शेत नांगरताना जुना दगड तीन हात पलीकडे सापडला. ज्याचं नुकसान झालं त्याने त्यांना लबाड ठरवलं, ज्याचा फायदा झाला तो गप्प बसला. गावात राहणं अवघड झालं आणि त्यांनी बिऱ्हाड हलवलं. "माह्या बाप लबाड नव्हता," बाबा मला एकदा म्हणाले. "त्याले आठोत नव्हतं, एवढंच. पण नाही म्हणाची सोय कोठी होती?" बाबा सरकारी चेनमन झाले, घराने गावकीची कामं सोडली, आणि पुढे सगळ्यांनी दीक्षा घेतली. "आता मी चाल्लो म्हून हद्द होत नाही. मोजलं म्हून होते," हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

म्हणूनच त्यांना आपल्या सेवापुस्तकाचा अभिमान होता. चूक झाली की त्यात लाल शाईने ठपका लिहीत. बाबांची एकतीस वर्षांची नोकरी झाली होती, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि पुस्तकात लाल शाईची एक ओळ नव्हती. हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "माह्या बापाच्या नावावर गावानं चूक लिहिली. माह्या बुकात दाखवा बरं लाल शाई," असं म्हणून ते समोरच्याकडे असे बघत, की तोच बिचारा खजील व्हायचा. निवृत्तीच्या दिवशी ते पुस्तक घरी न्यायची परवानगी मिळेल का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. नातवंडांना दाखवायचं होतं.

पिंपळगाव राजाच्या बाजूला मुक्काम असताना एका संध्याकाळी जेवण होण्याआधी आम्ही खळ्यात पडलो होतो. आकाशात एक चांदणी सरळ रेषेत चालत गेली. मी शहाणपणाने सांगितलं, की हा माणसाने सोडलेला उपग्रह. बाबा उठून बसले. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी मान वळवली आणि मग विचारलं, "साहेब, याले दगड समजून मोजता येईन का हो?" मी हसलो. म्हटलं, "बाबा, दगड हलत नाही म्हणून तो साक्षीदार. हा तर पळतोय." ते म्हणाले, "पळू द्या ना. कव्हा कोठी होतो हे त्यानं खरं सांगतलं पाह्यजे, बस. माह्या बाप चालताच दगड होता. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं अन् हिशेब नव्हता, म्हून फसला." मी पुन्हा हसलो आणि भाकरी झाल्या का ते बघायला उठलो. आज ते हसू आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

आता उंद्री गावाच्या पलीकडच्या एका शेताबद्दल सांगायलाच हवं. शेत गिरजाबाईंचं. नवरा गेल्यावर त्यांनी दिराकडे न राहता स्वतः शेती धरली होती, आणि दोन उन्हाळे खपून पश्चिमेच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, विहीर खणली होती. पाणी लागलं होतं, बांधकाम व्हायचं होतं. शेजारचे नारायणराव म्हणाले, विहिरीचा काठ माझ्या शेतात येतो, तेव्हा पाण्यात माझा निम्मा वाटा. कोपऱ्याचा दगड बेपत्ता होता. त्यांनी मोजणीचा अर्ज केला आणि आम्ही निघालो.

आदल्या दिवशी वाटेत आमची बैलबंडी नाल्याच्या रेतीत रुतली. दोर लावला, तो तुटला. बैल दमले. मी गाडीवानाला म्हटलं, "साखळी लाव." बाबा पुढे आले. "साहेब, साखळी मोजाले असते, ओढाले नसते." मी म्हटलं, "लोखंडाची आहे, मेणाची नाही." साखळी जुवाला अडकवली, बैलांनी हिसका मारला, बंडी निघाली. बाबांनी साखळी हातात घेऊन कडी न् कडी चाचपली आणि गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घाई होती. घाईचं कारण सरकारी नव्हतं. पुण्याला मुलगी बघायला जायचं होतं, दुपारची एस.टी. गाठली तरच मलकापूरहून गाडी मिळणार होती. बाबांनी बांबू खोळीतून काढला. मी म्हटलं, "आज राहू दे." शेतात गेल्यावर त्यांनी तीन दगड हेरून ठेवले. मी म्हटलं, "आडव्या धुऱ्याची रेघ सरळ आहे, नारायणरावांच्या पलीकडच्या शिवेच्या दगडापासून इकडे चोवीस साखळ्या मोजा, झालं." ते म्हणाले, "एकाच दगडावर?" मी घड्याळ पाहिलं. त्यांनी मूठ उचलली आणि चालू लागले. चोवीस साखळ्या भरल्या, दगड बसवला. विहिरीचा काठ अर्धा हात नारायणरावांकडे गेला. गिरजाबाई विहिरीशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता आरडाओरड होणार. त्या बाबांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बाबा, तुमी मोजलं ना? मंग मी कायले बोलू?" मी नकाशावर सही केली आणि पळतच एस.टी. गाठली.

मुलगी पसंत पडली. सहा दिवसांनी तोंडावर हसू घेऊन कचेरीत आलो, तर ओट्यावर साखळी अंथरलेली आणि बाबा तिच्या टोकाशी उकिडवे बसलेले. एक मूठ एका पितळी खिळ्याला लावलेली होती, दुसरी मूठ दुसऱ्या खिळ्याच्या पुढे गेली होती. "साहेब, बोट घाला," ते म्हणाले. मी खिळा आणि मूठ यांच्यामध्ये बोट आडवं घातलं. बरोबर बसलं. "बोटभर वाढली. कड्या उघडल्या. चोवीस साखळ्या मोजल्या आपन, चोवीस बोटं. चोवीस बोटांचा एक हात. दगड एक हात आंदर गेला साहेब, बाईच्या वावरात. इहीर पुरी तिचीच हाये."

मला आधी काय वाटलं ते सांगतो. गिरजाबाई आठवल्या नाहीत. मला कायम करायचा कागद वरच्या साहेबांच्या टेबलावर आहे, हे आठवलं. लग्न ठरत होतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "बाबा, एका हाताने काय होतंय? पुढच्या मोजणीत कोणीतरी काढेल." ते साखळी गुंडाळू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कोणीतरी म्हंजे कोण? आपल्याले माहीत हाये, तं आपनच ना?" दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

पुढचं मला गिरजाबाईंनी सांगितलं, खूप दिवसांनी. बाबा साखळी खांद्यावर टाकून, बांबू हातात घेऊन एकटेच गावात गेले. पारावर नारायणराव होते. बाबा म्हणाले, "माप चुकलं. दगड एक हात मागं जाईन." नारायणराव उखडले. "मोजणी झाली, सही झाली. आता चेनमनचं कोण आयकते? तुह्या बाप घेत होता तसं ढेकूळ डोक्यावर घे अन् चाल, मंग मानतो." बाबांनी साखळी खाली ठेवली. "ढेकूळ नाही घेत. हे साखळी हाये, हे बांबू हाये. तुमीच मोजा, मी पाह्यतो." नारायणराव उठून गेले. पण चार माणसांनी तिथेच साखळीला बांबू लावून पाहिला, आणि गावाला कळायचं ते कळलं.

बाबांनी कचेरीत लेखी दिलं. "साखळी लांबली होती, मोजणीआधी मी तपासली नाही, चूक माझी." बंडीचा उल्लेख नाही, एस.टी.चा नाही, माझा नाही. वरच्या साहेबांनी तो कागद माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला. मी दौत उघडली. लाल शाईचीच. लिहिलं, "चेनमनच्या निष्काळजीपणामुळे माप चुकले. खुलासा मान्य." खाली सही. बाबांच्या सेवापुस्तकात तीच ओळ उतरली. फेरमोजणी दुसऱ्याने केली, तीन दगडांवरून, दगड एक हात मागे आला, विहीर बांधून झाली. मी कायम झालो. माझं लग्नही झालं. बाबांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. उलट अक्षता टाकायला आले आणि मांडवात कुठे बसलेत ते तीन खांबांवरून सांगून व्याह्यांना घोळात घातलं.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सेवापुस्तक मागितलं नाही.

पुढे माझी बदली झाली तेव्हा ते मलकापूर स्टेशनवर पोचवायला आले होते. सरकीची पोती लागलेल्या फलाटावर आम्ही उभे होतो. मी पुन्हा पुन्हा सामान मोजत होतो. शेवटी म्हटलं, "बाबा, त्या लाल शाईचं..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "दगड जागेवर गेला ना साहेब? मंग झालं." गाडी हलली. खिडकीतून मी विचारलं, "बाबा, कुठे उभे आहात?" एवढाच विनोद मला सुचला. त्यांनी हात वर केला, काहीतरी तीन आकडे ओरडून सांगितले, पण ते इंजिनाच्या आवाजात गेले. पुढच्या काही वर्षांत ते वारल्याचं शिपायाच्या पोस्टकार्डावरून कळलं. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि बायकोला दाखवलं नाही.

आता माझ्या घरात कोणी कोणाला रस्ता विचारत नाही. मुलगा फोन गाडीत लावतो आणि एक बाई त्याला डावीकडे वळायला सांगते. नातीने मागवलेलं खाणं कुठल्या चौकात अडकलंय ते ती घरबसल्या बघते. दोन वर्षांपूर्वी बायकोला दम लागला तेव्हा मला पत्ता धड सांगता येईना. नातीने फोनवरून ठिकाण पाठवलं आणि ॲम्ब्युलन्स आमच्या बोळातल्या बरोबर दारापुढे येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून या विद्येकडे मी आदराने बघतो. तोपर्यंत मी फोनला शिव्याच देत होतो.

त्यातलं मर्म मला कल्याणीने सांगितलं. ही आमच्या जुन्या कचेरीतली भूकरमापक, वयाने माझ्या नातीएवढी. गिरजाबाईंचे चिरंजीव ज्ञानदेव यांना आपल्या दोन मुलांत शेताची वाटणी करायची होती. जुन्या फाइलीतल्या नकाशावर तिला माझी सही दिसली. फेरमोजणीचे आकडे वाळवीने खाल्ले होते. तिने शोधून काढून फोन केला, "सर, तुम्ही यायला जमेल का?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिला मी ही गोष्ट कधीतरी सांगून टाकली होती. म्हणाली, "जा. मला बघायला आला होतात म्हणून ते झालं, आता मीच पाठवते."

ज्ञानदेव साठी ओलांडलेले, अंगाने आईसारखे सडपातळ. विहिरीवर मोटर बसली होती आणि थोडं अलीकडे आमच्यासाठी सतरंजी टाकली होती. कल्याणीच्या हातात एक काठी होती आणि काठीच्या टोकावर उलट्या वाडग्यासारखं पांढरं यंत्र. मी विचारलं, "हे वर आकाशात काय पाठवतं?" ती म्हणाली, "काही नाही सर, नुसतं ऐकतं. उपग्रह आपापली जागा आणि वेळ सारखी सांगत असतात. त्यांच्यात फार अचूक घड्याळं आहेत. निरोप इथे यायला किती वेळ लागला त्यावरून तो उपग्रह किती लांब आहे ते निघतं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा मिळते."

"आणि चौथा?" मी विचारलं.

ती चमकली. "चौथा लागतोच. या यंत्रातलं घड्याळ साधं असतं, ते चुकतं. चूक बारीक, पण ती सगळ्याच अंतरांत सारखी शिरते. चौथ्यामुळे ती कळते. तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "आमच्याकडे एक चेनमन होते."

ती आपल्या नादात सांगत राहिली, की एवढ्यानेही बोटाबोटाचं माप मिळत नाही, वाटेत हवेमुळे निरोप रेंगाळतात. म्हणून दूर एका गच्चीवर एक यंत्र कायमचं पक्कं बसवलेलं असतं. त्याची जागा आधीच मोजून ठेवलेली. तरी ते उपग्रहांना ऐकून आपली जागा पुन्हा पुन्हा काढत बसतं. उत्तर थोडं चुकतं. खरी जागा ठाऊक असल्यामुळे किती चुकलं ते त्याला कळतं, आणि तेवढी चूक ते आसपासच्या सगळ्यांना कळवत राहतं. "त्याने आपली चूक सांगितली की आमचं माप बरोबर येतं," कल्याणी म्हणाली. मी विहिरीकडे बघत होतो. एक माणूस साखळी खांद्यावर टाकून पारासमोर उभा असलेला मला दिसत होता, जो मी प्रत्यक्षात पाहिलाच नव्हता.

तिने काठी कोपऱ्याच्या दगडावर टेकवली, पडद्याकडे पाहिलं. "सर, मूळ नकाशाप्रमाणे दगड अगदी जागेवर आहे. बोटाचाही फरक नाही." मग फाइल चाळत म्हणाली, "आधीच्या मोजणीत मात्र चूक झाली होती वाटतं. इथे लाल शाईत लिहिलंय, चेनमनच्या निष्काळजीपणामुळे..." तिने मोठ्याने वाचलं. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.

ज्ञानदेव म्हणाले, "हाव, ते बाबा. आमची आई मरेलोक त्याइचं नाव घे. म्हने, चुकलं तं सांगाले आला, असा मानूस पाह्यला नाही."

"ज्ञानदेव," मी म्हटलं, "ते चुकले नव्हते. साखळी मी बंडीला लावून ओढायला लावली. तपासू दिली नाही ती मी. तीन दगडांवरून मोजू दिलं नाही तेही मीच. मला मुलगी बघायला जायचं होतं."

मोटर चालू होती. पाणी पाटात पडत होतं. ज्ञानदेवांनी जाऊन मोटर बंद केली. "मंग साहेब," ते सावकाश म्हणाले, "इतके वर्ष काऊन नाही सांगतलं?"

याचं उत्तर मी वाटेभर जुळवत आलो होतो. ते तिथे उच्चारायची लाज वाटली. मी कल्याणीकडे कोरा कागद आणि लाल पेन मागितलं. तिच्या बॅगेत होतं. सतरंजीवर बसून मी अर्ज लिहिला, तिच्या साहेबांच्या नावे. सदर मोजणीतील चूक तत्कालीन भूकरमापकाची, म्हणजे माझी होती. चेनमनने तीन वेळा सावध केले होते. त्यांच्या नावापुढील शेरा मी खोटा लिहिला. तो खोडून हा कागद सोबत जोडावा. अक्षर काही पूर्वीसारखं आलं नाही.

"सर," कल्याणी हळूच म्हणाली, "ते तर आता नाहीत. याचा उपयोग काय?"

"गच्चीवरचं यंत्र काय करतं ते तूच सांगितलंस ना?" मी म्हटलं. तिने मान हलवली आणि फाइल माझ्यापुढे सरकवली.

खाली डाव्या हाताला 'ठिकाण' लिहून मी थांबलो. मग ज्ञानदेवांच्या हाताला धरून उठलो. विहिरीच्या काठापर्यंत पावलं मोजत गेलो, परत आलो. दगडापर्यंत गेलो, परत आलो. धुऱ्यावरच्या बाभळीपर्यंत गेलो. धाप लागली तशी ज्ञानदेवांनी पाणी आणून दिलं. ते पिऊन मी सतरंजीवर टेकलो आणि लिहिलं, "गिरजाबाईंच्या विहिरीपासून एकवीस पावले, कोपऱ्याच्या दगडापासून सोळा, बाभळीपासून नऊ." खाली सही केली.

कल्याणीने अर्ज वाचला. "सर, गावाचं नाव राहिलं."

"राहू दे," मी म्हटलं. "ज्याला शोधायचंय त्याला सापडेल."